आनंदाचे घर आणि रात्रीचे शहर

माणूस दिवसा पोटासाठी राबतो आणि दिवेलागणीनंतर थोडा मनासाठी जगतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच एखाद्या शहराचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर ते केवळ दिवसा पाहून भागत नाही. कचेऱ्या बंद झाल्यावर तेथील माणसे कोठे जातात, काय खातात, कोणाशी गप्पा मारतात आणि किती निर्धास्तपणे घरी परततात, हेही पाहावे लागते. रात्रीची मौज हा केवळ श्रीमंतांचा शौक आहे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती कितपत खरी आहे याचा विचार करण्यासाठी तापीकाठच्या बुऱ्हाणपुराइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बुऱ्हाणपुराहून इंदूरकडे जाणारा रस्ता निंबोला गावावरून पुढे असीरगडाच्या पायथ्याशी जातो. २०२५ सालच्या मार्च महिन्यात या भागातल्या रात्री एका विलक्षण कारणाने गाजल्या. त्याआधीच्या महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. मराठ्यांनी १६८१ साली बुऱ्हाणपुरावर घातलेल्या छाप्याचे दृश्य त्यात आहे. ते पाहून मोगलांच्या संपत्तीची चर्चा सुरू झाली. गडाजवळच्या शेतांत सोन्याची नाणी सापडतात, अशी वार्ता पसरली. मग काय विचारता! अंधार पडला की लोकांच्या झुंडी कुदळी-फावडी, मोबाइलचे दिवे आणि धातू शोधणारी यंत्रे घेऊन शेते उकरू लागल्या. अखेर पोलिसांना लक्ष घालावे लागले. शेतांना मात्र खड्डे पडले ते पडलेच.

या प्रकारातील विनोद थोडा बाजूला ठेवून एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. औरंगजेबाच्या काळातील बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीच्या नाण्यांवर शहराच्या नावामागे एक बिरुद आढळते. ते बिरुद म्हणजे ‘दार-उस्-सुरूर’, अर्थात आनंदाचे घर. ज्या नाण्यांसाठी माणसे रात्रभर माती उपसत होती, त्या नाण्यांवर शहराची खरी दौलत कोणती हे अशा रीतीने कोरलेलेच होते! हे आनंदाचे घर कशावर उभे होते आणि त्यातले आज काय उरले आहे, हा खरा प्रश्न आहे.

फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर खानदेशाची राजधानी होते. १६०१ च्या आरंभी असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेकडील मुख्य ठाणे बनले. शहाजादे, सरदार, लष्कर आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी येथे येऊन राहिले. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापारी मार्ग याच शहरातून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये सतराव्या शतकात येथून गेला. येथे विणले जाणारे तलम कापड आणि सोन्यारुप्याच्या जरीचे वस्त्र इराण, तुर्कस्तान अशा दूरदूरच्या देशांत जात असल्याचे त्याने नोंदवले आहे.

दरबारी करमणुकीचा एक मासला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच्या रोजनिशीत सापडतो. तो १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास आला आणि शहाजादा परवेझ याला भेटला. त्याने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहाजाद्याने त्याला पुन्हा खाजगीत भेटण्याचे वचन दिले होते. रो वाट पाहत राहिला. पण शहाजाद्याने त्या बाटल्यांचा असा काही समाचार घेतला होता की, भेट राहूनच गेली. ही झाली राजवाड्यातील रात्र. तिच्यातून शहराला काय मिळाले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

परंतु त्याच १६१५ सालाशी जोडलेले एक निराळे काम बुऱ्हाणपुरात आजही पाहावयास मिळते. सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत येथे ‘कुंडी भंडारा’ ही पाणीपुरवठ्याची योजना तयार झाली. सातपुड्याच्या उतारांवरून जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यांत उतरवून, केवळ जमिनीच्या नैसर्गिक उताराच्या बळावर, ते शहराकडे आणलेले आहे. बोगद्याच्या मार्गावर विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून हवा व उजेड आत जातो आणि साफसफाईसाठी माणसालाही उतरता येते. इराणातील पद्धतीवर बेतलेली ही योजना आहे. किल्ल्यातील हमाम असो, बागेतील कारंजे असो, की बाजारातील भटियारखान्याची चूल असो, पाणी नसते तर यांतले काहीच चालले नसते. आनंदाच्या घराचा पाया असा जमिनीखाली होता. मात्र तो सोन्याचा नव्हता, पाण्याचा आणि मजुरांच्या घामाचा होता.

आता वर्तमानाकडे वळू. बुऱ्हाणपुरातील शहाजादे गेले, टांकसाळ गेली. पण बाजारातील चुली काही विझल्या नाहीत. या शहराची एक ओळख म्हणजे तेथील मांडे. मऊसूत मळलेल्या मैद्याचा गोळा कारागीर हातावर घेतो आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलीत तो इतका मोठा व पातळ करतो की, पाहणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावे. मग तो विस्तवावर उपड्या ठेवलेल्या कढईसारख्या तव्यावर पडतो आणि पाहता पाहता भाजून निघतो. पुढे त्याची रुमालासारखी घडी होते. लष्कराच्या छावणीत हजारो शिपायांना थोड्या वेळात भाकरी पुरवण्याच्या गरजेतून हा प्रकार निघाला, असे शहरात सांगितले जाते. मटणाच्या रश्शाबरोबर किंवा उन्हाळ्यात आमरसाबरोबर तो खाल्ला जातो. खानदेशातील गृहिणी पुरण भरलेले मांडे हातावर पसरून खापरावर भाजतात, त्याचेच हे बाजारी भावंड म्हणावे. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. पण मांडा प्रत्यक्ष होताना पाहणे हीच एक करमणूक आहे आणि तिला तिकीट लागत नाही.

दुसरी ओळख माव्याच्या जिलबीची. नेहमीची जिलबी आंबवलेल्या मैद्याची असते. बुऱ्हाणपुरी जिलबीत मावा व आरारूट एकत्र मळून त्याची धार कढईत सोडतात. ती तळून गडद तपकिरी झाली की पाकात पडते. बाहेरून किंचित करकरीत आणि आतून गुलाबजामासारखी मऊ अशी ही जिलबी गरम असतानाच खावी. रमजानच्या महिन्यात दिवसभराचा रोजा सुटल्यावर रात्री बाजार गजबजतात, त्या वेळी तिला मोठी मागणी असते. मुंबईत महंमद अली मार्गावर रमजानच्या रात्री फिरणाऱ्यांना बुऱ्हाणपूरचे नाव दिसते ते बहुधा या जिलबीच्या पाटीवरच. तेथे खाणारांत सर्व धर्मांचे लोक असतात. चारशे वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूरचे कापड परदेशी गेले. आज त्याचे नाव मुंबईच्या फुटपाथवर जिलबीच्या रूपाने नांदते आहे.

मौजेसाठी शहरच हवे, असेही नाही. बुऱ्हाणपूर ओलांडून रावेर-यावलच्या बाजूस आले की हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्ट्या सुरू होतात. या भागातील हिरवट-पांढऱ्या, कमी बियांच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावयाची, सोलावयाची आणि लाकडी बडगीत ठेचावयाची. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे पडतात. ज्वारी व उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी सोबतीला असते आणि पान केळीचे. कोणी जाळ सांभाळतो, कोणी वांगी सोलतो, कोणी पाने धुतो. जेवण तयार होईतो चार घटका गप्पांत जातात. या मेजवानीची खरी चव त्या चार घटकांत आहे. येथे पाहुणा आणि यजमान हा भेद राहत नाही, कारण प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम असते.

शहरात मात्र ही भूमिका वाटून घ्यावी लागते. त्याचे उत्तम उदाहरण पाहण्यासाठी निंबोल्यावरून जाणाऱ्या त्याच रस्त्याने असीरगड आणि नर्मदा ओलांडून होळकरांच्या इंदुरास गेले पाहिजे. राजवाड्याजवळील सराफा हा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री सराफांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच समोर खाद्यपदार्थांच्या गाड्या व ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. कोवळ्या मक्याचा दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, थंडीत तळून मसाला भुरभुरलेला गराडू, वाफेवर फुलवलेली साबुदाण्याची खिचडी, दहीवडे, ताटाएवढा जिलबा, मालपुवा आणि दाट दुधाची शिकंजी अशी ही लांबलचक पंगत असते. एकच जागा, पण दिवसा एकाची नि रात्री दुसऱ्याची! रात्री गर्दी असल्यामुळे सोन्याच्या दुकानांची आपोआपच राखण होते, म्हणून सराफांनी पूर्वी ही वहिवाट पसंत केली, असे इंदूरचे लोक सांगतात.

अशी वहिवाट टिकते ती परस्परांच्या विश्वासावर. अलीकडच्या वर्षांत सराफ्यात ठेले वाढले, गर्दी वाढली आणि अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या आल्या. आग लागली तर बाहेर पडणार कसे, असा प्रश्न खुद्द सराफांनीच उपस्थित केला आणि ठेले अन्यत्र हलवावेत अशी मागणी पुढे आली. ही तक्रार क्षुल्लक म्हणून झटकण्याजोगी नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच पदार्थ करणाऱ्यांची उपजीविका हीदेखील क्षुल्लक नाही. दोहोंचा मेळ घालणे हीच नगरव्यवस्थेची कसोटी होय.

केवळ हुकूम काढून रात्रीचे शहर घडत नाही, याचाही अनुभव इंदूरनेच घेतला आहे. २०२२ साली तेथील एका मोठ्या मार्गावरील दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास अनुमती मिळाली. मद्यपान, भांडणे आणि रात्रीच्या गोंधळाच्या तक्रारी वाढल्या आणि २०२४ साली ती सवलत मागे घेण्यात आली. महाराष्ट्रातही २०१७ च्या कायद्याने दुकानांना चोवीस तास व्यवहाराची मुभा दिली आणि २०२० च्या जानेवारीत मुंबईत काही भागांत त्या धोरणाचा आरंभ झाला. दार उघडे ठेवण्याची परवानगी कायदा देऊ शकतो. त्या दारातून बाई-माणसाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकराबाळांना निर्भयपणे जाता-येता यावे, यासाठी मात्र दिवे हवेत, शेवटची बस हवी, स्वच्छतागृह हवे आणि शेजाऱ्याच्या झोपेची कदरही हवी.

हे सर्व पुरवणारी माणसे सहसा आपल्या नजरेस पडत नाहीत. मांडे झेलणारा कारागीर, पहाटे बाजार झाडणारी बाई, चौकात उभा असलेला पोलीस आणि शेवटच्या फेरीचा रिक्षावाला हे सारे जण आपली रात्र देतात, तेव्हा इतरांची रात्र साजरी होते. म्हणून रात्रीची मौज भोगताना काही साध्या गोष्टी पाळल्या पाहिजेत. असीरगड दिवसाउजेडी पाहावा आणि मुक्कामास शहरात परतावे. मांडा किंवा जिलबी होईपर्यंत घाई न करता उभे राहावे. प्रार्थनेच्या वेळी मशिदीसमोर किंवा देवळासमोर कलकलाट करू नये. उष्टे-खरकटे रस्त्यावर टाकू नये. कारागिराने सांगितलेला दाम त्याच्या जागरणाचाही आहे, हे लक्षात घेऊन तो आनंदाने द्यावा.

आनंदाचे घर ही पदवी बादशहाने शिक्का मारून दिली असली, तरी ती राखण्याचे काम बादशहाच्या हाती कधीच नव्हते. ते त्या काळी कुंड्या खणणाऱ्यांच्या आणि तवा तापवणाऱ्यांच्या हाती होते, आणि आजही तशाच माणसांच्या हाती आहे. शेतात पुरलेले नाणे सापडले तर ते एकाच्या मुठीत जाते. भर बाजारात तापलेल्या तव्यावरचा मांडा मात्र रोज रात्री नव्याने होतो आणि अनेकांच्या पानात पडतो.