दिलेला शब्द आणि उद्याचा विचार

पुढचा विचार करणे म्हणजे अजून समोर न आलेल्या उद्याचे चित्र मनात उभे करून आजच्या वागण्याला आवर घालणे. ही कुवत सावकाश येते, कारण तिचा भार वाहणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडतच असतो, आणि त्या घडणीत घराच्या वळणाचा वाटा मोठा असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या: केवळ हुकूम चालवणारी, सारे मोकळे सोडणारी, आणि नियम ठाम ठेवून त्यामागचे कारण मुलाला समजावणारी. तिसरी शैली पुढच्या विचाराला पोषक का ठरते, याचा एक धागा २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडतो. त्यात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रकलेसाठी चांगले रंग आणून देण्याचे आश्वासन दिले गेले. निम्म्यांना ते मिळाले, उरलेल्यांना 'रंग नाहीतच' असे सांगण्यात आले. नंतर प्रत्येकापुढे एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवून, थांबल्यास दुसरा मिळेल असे सांगितल्यावर, शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि फसवली गेलेली जेमतेम ३ मिनिटे. दुसऱ्या गटाला उतावीळ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अनुभवावरून त्या मुलांनी केलेला हिशेब चोखच होता. नियम ठाम ठेवणाऱ्या घरात मुलाला दिलेल्या शब्दावर भरवसा ठेवता येतो, आणि म्हणून थांबणेही परवडते.

तरीही शैलींची ही विभागणी सर्वत्र जशीच्या तशी लागू पडत नाही. बेटिना लाम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, खाऊसाठी थांबण्याच्या अशाच चाचणीत, कॅमेरूनमधील न्सो शेतकरी कुटुंबांतील चार वर्षांची मुले, आयांचा धाक अधिक असूनही, जर्मन मध्यमवर्गीय मुलांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने शेवटपर्यंत थांबली.

मात्र थांबता येणे आणि स्वतः आखणी करता येणे यांत अंतर आहे. चौथीतल्या मुलाचे दप्तर रोज रात्री आईच वेळापत्रक पाहून भरत असेल, तर उद्याचा दिवस तिच्याच डोक्यात राहतो. 'उद्या काय काय लागेल?' एवढे विचारून ती बाजूला बसली, तर तो दिवस मुलाला स्वतः डोळ्यांपुढे आणावा लागतो. एखाद्या दिवशी पट्टी घरी राहिलीच, तर ती शाळेत धावत नेऊन देणे जितके टाळायला हवे, तितकेच त्यावरून रागावणेही.