नोंदवहीत न सापडणारी बाळे

हिंगोली जिल्ह्यातील दोन गावे डोळ्यांसमोर आणा. गावे कल्पित आहेत; त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. नोंदवहीप्रमाणे एका वर्षात दोन्ही गावांत प्रत्येकी ४० बाळे जन्मली. 'अ' गावच्या नोंदवहीत एक वर्षाच्या आतील एकाही बाळाचा मृत्यू नाही. 'ब' गावच्या नोंदवहीत असे दोन मृत्यू आहेत. कोणत्या गावी बाळे अधिक सुखरूप आहेत?

तुम्ही चटकन 'अ' म्हणाल. पण 'ब' गावची आरोग्यसेविका घरोघर जाऊन विचारपूस करणारी असेल आणि 'अ' गावात कोणी काही विचारलेच नसेल, तर? नोंदवहीतले शून्य दोन कारणांनी पडते. मृत्यू झालाच नाही, किंवा झाला पण कोणी लिहिला नाही. कागदावर दोन्ही शून्ये अगदी सारखी दिसतात. ती वेगळी कशी ओळखायची, हा वैद्यकीय संख्याशास्त्रातला फार जुना आणि फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

वास्तविक जन्म आणि मृत्यू यांची नोंद करणे १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. घटना घडल्यापासून २१ दिवसांत ती कळवावयाची असते. जन्माचा दाखला शाळेत लागतो, म्हणून तो आज ना उद्या काढला जातो. मोठ्या माणसाच्या मृत्यूचा दाखला वारसाच्या कामी येतो. परंतु चार दिवसांच्या बाळाच्या मृत्यूचा दाखला कोणाला कशासाठी लागणार? घरात दुःख असते, आणि कोणी ग्रामपंचायतीत जात नाही. पुष्कळदा त्या बाळाचा जन्मही नोंदवायचा राहून जातो. नोंदवहीच्या दृष्टीने ते बाळ या जगात आलेच नाही!

आता थोडे गणित. 'ब' गावातील दोन मृत्यू हा नुसता आकडा झाला. दोन गावांची तुलना करायची तर दर काढावा लागतो, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही हवेत. अर्भक मृत्युदरात अंश असतो एक वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचा आणि छेद असतो त्याच वर्षातील जिवंत जन्मांचा. गावच्या लोकसंख्येचा नव्हे. २ भागिले ४०, गुणिले १,०००. म्हणजे दर हजारी ५०. पुढच्या वर्षी ४० जन्मांत एकच बाळ दगावले तर दर २५ होईल. गावचे आरोग्य एका वर्षात दुपटीने सुधारले का? तसे म्हणता येणार नाही. एवढ्या लहान संख्येत एका मृत्यूने दर २५ ने हलतो. म्हणून एका गावाच्या एका वर्षाच्या दरावर विश्वास ठेवायचा नसतो; अनेक वर्षे किंवा अनेक गावे एकत्र घ्यावी लागतात. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. इतक्या मोठ्या लोकसंख्येत असे योगायोगाचे हेलकावे बरेच शांत होतात.

छेदही वाटतो तितका सरळ नसतो. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील बाई बाळंतपणासाठी हिंगोलीच्या रुग्णालयात आली, तर जन्म हिंगोलीत नोंदला जातो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तेव्हा नोंद माहेरच्या गावी होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात बाळ जन्मले तर ते दूरच्या कुठल्या तरी फडावर. हिंगोली शहरात नोंदलेले सगळे जन्म शहराच्या लोकसंख्येने भागले, तर शहराचा जन्मदर उगाचच फुगेल आणि भोवतालच्या खेड्यांचा घटेल. त्यासाठी नोंदी आईच्या राहत्या गावाप्रमाणे पुन्हा लावून घ्याव्या लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून पुढचे गणित व्यर्थ.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे नोंदलेच नाही, ते मोजायचे कसे? १९४९ मध्ये सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी यासाठी एक सोपी युक्ती मांडली. चंद्रशेखरन हे पुढे मुंबईच्या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेचे संचालक झाले. दोघांनी कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील आरोग्य केंद्राच्या नोंदी वापरल्या होत्या. युक्ती अशी की एकच मोजणी दोघांनी, एकमेकांना न विचारता करायची.

समजा, ग्रामपंचायतीच्या वहीत वर्षभरात ६० जन्म आहेत. दुसऱ्या कोणी वही न पाहता घरोघर हिंडून ५६ जन्म शोधले. दोन्ही याद्या जुळवल्या तेव्हा ४८ बाळे दोन्हींत निघाली. म्हणजे घरोघर सापडलेल्या ५६ पैकी ४८, अर्थात सातांपैकी सहा, वहीत होती. मग वहीने गावातल्या एकूण जन्मांपैकीही सातांपैकी सहाच टिपले असावेत. ६० हे सहा सप्तमांश, तर एकूण ७०. वहीत १० बाळे नव्हती. त्यांपैकी ८ पाहणीत सापडली. उरलेली २ कोणालाच दिसली नाहीत. ज्यांना कोणी पाहिले नाही त्यांची संख्या अशी हाती येते!

ही युक्ती चिंचोक्यांवर करून पाहा. डबाभर चिंचोके घ्या, मोजू नका. मूठभर काढून मोजा, त्यांवर खूण करा आणि परत टाका. डबा चांगला हलवून पुन्हा मूठभर काढा व त्यांत खुणेचे किती ते पाहा. वरच्याच त्रैराशिकाने एकूण संख्या काढा आणि मग खरी मोजा. नंतर तोच प्रयोग डबा न हलवता करा. खुणेचे चिंचोके वरच राहतील, दुसऱ्या मुठीत तेच पुन्हा येतील आणि उत्तर खऱ्यापेक्षा बरेच कमी निघेल.

गावातही नेमके हेच होते. चार दिवसांत गेलेले बाळ वहीतून सुटते आणि पाहणीतूनही सुटते, कारण आई त्याचे नाव काढत नाही. ते डब्याच्या तळाशी राहते. पाहणी करणाऱ्याने आळसाने वहीच उतरवून घेतली, तर याद्या शंभर टक्के जुळतील आणि नोंदणी परिपूर्ण भासेल! भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत दोन स्वतंत्र मोजण्या आहेत. एक जण वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी पाहणी करतो, आणि न जुळलेल्या नोंदी प्रत्यक्ष जाऊन तपासतात. मात्र ही पद्धती मुख्यतः राज्यांचे दर देते, जिल्ह्यांचे नाही.

तळाशी राहणाऱ्या बाळांपर्यंत पोचायचे तर मोजणी जन्माच्या आधीच सुरू करावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ते करून दाखवले. गरोदर बायांपासून यादी धरली की मग प्रत्येक गरोदरपणाचे काय झाले हे विचारता येते. १९९३ ते १९९५ या काळात त्यांच्या ३९ गावांत जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दर हजारी ६२ बाळे दगावत होती. मग गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले: बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. १९९७-९८ मध्ये तेथील दर २५.५ वर आला. दर वर्षागणिक आपोआप तर घसरला नाही ना? ही शंका दूर करण्यासाठी शेजारच्या ४७ गावांतही तशीच मोजणी चालू होती. तेथे त्या वर्षी दर ५९.६ होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. खरे बालमृत्यू सरकारी आकड्यांहून कितीतरी अधिक आहेत, असे त्यात दाखवले होते.

एक गंमत लक्षात घ्या. मोजणी नीट सुरू झाली की पहिल्या वर्षी मृत्युदर वाढलेला दिसतो. मृत्यू वाढलेले नसतात, दिसू लागलेले असतात. अशा वेळी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या आरोग्यसेविकेलाच जाब विचारला गेला, तर पुढच्या वर्षी वहीत पुन्हा शून्ये उमटतील.

गडचिरोलीच्या घरभेटींची पद्धत २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आली. हिंगोलीत तुमच्या घरी किंवा शेजारी नुकतेच बाळ झाले असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्याजवळ वजनाचा काटा, तापमापक आणि एक छापील तक्ता असतो. पुढच्या वेळी त्या आल्या की तो तक्ता पाहायला मागा.