संगणक आणला म्हणजे परिवर्तन झाले?

गैरसमज असा की दुकानात संगणक बसविला, गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटविला आणि सकाळचे भाव व्हॉट्सअॅपवर धाडले, म्हणजे आडत ‘डिजिटल’ झाली.

औशाच्या मोंढ्यापासून लातूरच्या तेलगिरण्यांपर्यंत हे विधान इतक्या ठामपणे ऐकू येते की त्याचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ज्याला ओलाव्याचा अचूक अदमास बांधता येतो आणि ज्याच्या एका शब्दावर गाडीभर माल उतरतो, तोच पेढीचा धनी या विषयात मात्र ‘ते पोरगं बघतं’ म्हणून मोकळा होतो आणि आपल्या धंद्याचे भवितव्य ठरविणारे निर्णय यंत्रे विकायला आलेल्या माणसाच्या हवाली करतो, हे पाहून खरोखर क्लेश होतात.

वास्तविक धंदा बदलतो तो व्यवहाराचा कायदा बदलल्याने. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत मोडण्यासाठी कोणी यंत्र आणले नव्हते. बाजार-नियमनाच्या कायद्यांनी भाव उघड पुकारण्याची सक्ती केली आणि ती रीत मागे पडली. औसा ज्या हैदराबाद संस्थानात होते तेथे असा कायदा 1339 फसलीत, म्हणजे 1930 साली, झाला होता.

आता राष्ट्रीय कृषी बाजार, अर्थात ई-नाम, पाहा. 14 एप्रिल 2016 रोजी 21 बाजारांपासून तो सुरू झाला. केंद्राने सॉफ्टवेअर विनामूल्य दिले, शिवाय साहित्यासाठी दर बाजारामागे 30 लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य ठेवले आणि पुढे ही मर्यादा 75 लाखांवर नेली. म्हणजे यंत्राची अडचण सरकारनेच दूर केली होती. तरीही खरेदी-विक्री मुख्यतः त्याच आवारातल्या व्यापाऱ्यांत होत राहिली, कारण दूरच्या खरेदीदाराला कट्ट्यात हात घालून मूठभर दाणे पाहता येत नाहीत, आणि ओलावा, मातेरे व डागी दाणे यांचा विश्वसनीय दाखला मिळाल्याखेरीज तो बोली लावणार तरी कशाच्या भरवशावर? हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. 2024 च्या हंगामात केंद्राला ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. या तीन टक्क्यांवर एवढे अवलंबून असताना आर्द्रतामापक धूळ खात पडावा आणि पडदा मात्र नवा घ्यावा, ही कोणती तजवीज?

हा माझा ग्रह आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी शेजारच्या कर्नाटकाचा दाखला पाहावा. तेथे 2014 पासून बाजार समित्या एका ऑनलाइन व्यवस्थेत जोडल्या गेल्या. त्यांच्या व्यवहारांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘पीएनएएस’ या नियतकालिकात 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात भातात 5.1, भुईमुगात 3.6 आणि मक्यात 3.5 टक्के भाववाढ आढळली; परंतु व्यवस्था एकच असूनही सर्व पिकांना सारखा लाभ झाला नाही, आणि चांगल्या प्रतीचा माल पिकविणाऱ्यांच्या पदरात अधिक पडले. प्रत कशी मोजायची, तिच्यानुसार भावात कपात किती करायची आणि वाद झाल्यास निवाडा कोणी द्यायचा, हे धन्याने स्वतः ठरवायचे आणि पाटीवर लिहून लावायचे असते. मुनीम ते ठरवू शकत नाही, आणि नुकताच पदवी घेऊन आलेला मुलगा तर नाहीच नाही.

इतर समजांचा परामर्श थोडक्यात घेतो.

‘ऑनलाइन आले की आडत्या संपला’: ई-नामवर एक लाखाहून अधिक आडत्यांची नोंदणी आहे.

‘ई-इनव्हॉइस फक्त बड्या कंपन्यांना लागते’: 1 ऑगस्ट 2023 पासून ही सक्ती वार्षिक 5 कोटींहून अधिक उलाढालीपर्यंत खाली आली असून लातूर भागातल्या कित्येक मध्यम पेढ्या तिच्या कक्षेत येतात.

‘गोदामाची पावती कागदावरच हवी, नाही तर बँक कर्ज देत नाही’: नोंदणीकृत गोदामांच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या 2017 पासून प्रचलित आहेत आणि त्यांवर तारणकर्ज मिळते, शिवाय एकाच मालाच्या दोन पावत्या करून दोन बँकांना गंडविण्याची जुनी युक्ती त्यांत चालत नाही.