मुलांचा मोबाईल आणि घरांतील धाक

हल्लीं घरोघरीं एकच तक्रार ऐकूं येते: मुलें मोबाईलमधून मान वर काढीत नाहींत. आमच्या मतें, तीं त्यांत किती वेळ घालवितात यापेक्षां संकट ओढवल्यास प्रथम कोणाकडे धांव घेतील, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

इन्स्टाग्रामवर खातें उघडण्यास १३ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. अल्पवयीनांचीं खातीं आपोआप खाजगी ठेवण्याची योजनाही २०२४ सालीं निघाली व पुढें भारतांत आली. हें कुंपण उपयुक्त खरें. परंतु समवयस्काचें सोंग घेतलेल्या भामट्यास मुलानेंच आंत घेतलें, तर कुंपण काय करणार? असा इसम गोड बोलून एखादें खाजगी छायाचित्र मिळवितो आणि मग, "पैसे दे, नाहींतर हें तुझ्या आईबापांना दाखवीन," अशी धमकी देतो. मुलाला वाटणारी वडील माणसांची भीति हेंच त्याचें भांडवल!

म्हणून मुलांस आजच सांगून ठेवावें, "चूक कोणतीही असो, आधीं घरीं सांग." प्रसंग आल्यास पैसे देऊं नयेत, संदेश न पुसतां जपून ठेवावे व पोलिसांकडे जावें. सायबर गुन्ह्यांसाठीं १९३० आणि संकटांतील मुलांसाठीं १०९८ हे दूरध्वनि क्रमांक आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें पीडित बालकाची ओळख वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; तेव्हां अब्रूच्या भयानें गप्प बसूं नये.

वडिलांपुढें जीभ रेटत नसेल, तर काका, आत्या, आजी आहेतच. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग तो हाच.