डब्लिनचा कॉनोली आणि आमचं मुळशी

डब्लिनला नोकरी करणाऱ्या मावसभावाने आमच्या उरवड्याच्या ग्रुपवर एका पुतळ्याचा फोटो टाकला. "दादा, हा कोण?" वाचनाचा नाद असल्याने असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात.

हा जेम्स कॉनोली, आयर्लंडचा समाजवादी कामगार पुढारी. इंग्रज राजवटीविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावात जखमी झाला. उभं राहता येईना, म्हणून इंग्रजांनी खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. झेंडा बदलला पण जमीन आणि कारखाने मूठभरांकडेच राहिले, तर ते कसलं स्वातंत्र्य, असा त्याचा सवाल.

1908 साली त्याने भारतातल्या असंतोषावर लेख लिहिला. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. लेनिननेही या संपाची दखल घेतली.

जमिनीचा प्रश्न तिथे कॉनोलीच्या आधीपासूनचा. आयर्लंडच्या कुळांसाठी 1879 मध्ये लँड लीग ही संघटना निघाली. ती उभारणाऱ्या मायकेल डेव्हिटचा एक हात लहानपणीच इंग्लंडमधल्या कापड गिरणीत गेला होता!

आता आपला मुळशी तालुका. 1921 मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. वीज मुंबईला, बुडणार मुळशीची भातखाचरं. जमीन इंग्रज सरकारने भूसंपादन कायद्याने मिळवून दिली, मालक मात्र देशी. कॉनोलीचा सवाल इथे नेमका लागू पडतो, असं माझं मत.

असाच परदेशाशी जोडणारा आणखी एक धागा: इंग्रज सरकारने भरलेल्या मीरत कट खटल्यात कम्युनिस्ट पुढारी डांग्यांबरोबर ब्रिटिश कम्युनिस्टही आरोपी होते. त्यावर वाचायचं असेल तर सांगा, लिहितो.