कर्जत-खालापूरची थंडी : घाटावरून उतरलेली कीं येथेंच उपजलेली ?

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे कर्जत व खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत रात्रींची जी थंडी पडते, ती कोंकणच्या लौकिकास शोभणारी नसते. समुद्रकांठच्या माणसास हिंवाळा म्हणजे नुसता सुखाचा ऋतु. आपल्याकडे मात्र कडाक्याच्या निरभ्र रात्रीं पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास येऊन ठेपतो, आणि त्याच दिवशीं दुपारीं तो ३० अंशांपर्यंत चढलेला असतो. सकाळीं घोंगडी आणि दुपारीं छत्री, असा हा प्रकार आहे.

याचें कारण कोणासही विचारिलें तर "घाटावरची थंडी खालीं उतरते" हेंच उत्तर मिळतें. मी महसूल खात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या निमित्तानें दोन्ही तालुक्यांत हिंडलों, तेव्हां कडावपासून चौकपर्यंत हेंच ऐकिलें. या उत्तरांत सत्य आहे, पण तें अर्धेंच आहे. आणि अर्ध्या सत्यावर विसंबून रोपवाटिकेची जागा निवडली म्हणजे त्याची किंमत रोपांस द्यावी लागते. थंडी वाऱ्याबरोबर वरून येते असें मानणारा शेतकरी वाऱ्याच्या आडोशाचा खळगा शोधतो, आणि नेमकें तेंच ठिकाण पहांटे सर्वांत गार असतें. म्हणून हा विषय नीट समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम घाटावरच्या हवेचें पाहूं. सायकलच्या चाकांत पंपानें हवा भरतांना पंपाची नळी तापते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. हवा दाबली कीं ती तापते. उंचावरील हवा खालीं येऊं लागली म्हणजे तिच्यावर भोंवतालच्या हवेचा दाब वाढत जातो, आणि दर १०० मीटर उतरणीस ती सुमारें एका अंशानें ऊन होते. लोणावळें-खंडाळ्याचा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच, आणि खोपोली त्याच्या पायथ्याशीं. तेव्हां माथ्यावर १२ अंशांवर असलेली हवा घाट उतरून खोपोलीस पोहोंचेपर्यंत १७ अंशांची झालेली असावयास पाहिजे. म्हणजे पूर्वेकडून देशावरचा जो वारा घाट ओलांडून येतो, तो थंडी आणीत नाहीं. तो कोरडेपणा आणितो. हिंवाळ्यांतील आपली दुपार इतकी रखरखीत कां, याचें उत्तर या वाऱ्यांत आहे.

दुसरा पुरावा तर आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. माथेरान कर्जत तालुक्यांतच आहे आणि तें सुमारें ८०० मीटर उंच आहे. जसजसें वर जावें तसतशी हवा थंड, या नेहमींच्या नियमाप्रमाणें तेथील रात्र नेरळच्या रात्रीहून पुष्कळच गार असावयास हवी. परंतु वारा पडलेल्या निरभ्र रात्रीं अनेकदां उलटा प्रकार आढळतो. माथेरानवर पारा बेताचाच उतरतो आणि खालीं उल्हास नदीच्या खोऱ्यांत लोक कुडकुडत असतात. थंडी वरून येत असती तर वरचा मनुष्य आधीं गारठला असता. शास्त्रज्ञ या स्थितीस तापमानाचा विपर्यास म्हणतात. खालीं गार हवेचा थर आणि त्यावर उबदार हवेचें झांकण, असें तिचें स्वरूप आहे. सकाळीं चुलींचा धूर वर न जातां गांवावर आडवा पसरून राहतो, तो याच झांकणास अडलेला असतो.

मग थंडी येते कोठून ? ती आपल्या शेतांतच तयार होते. दिवसां सूर्यापासून घेतलेली उष्णता जमीन रात्रभर अदृश्य किरणांच्या रूपानें आकाशाकडे टाकीत असते. मिळकत बंद आणि खर्च चालूं, अशी तिची रात्रींची स्थिति असते. म्हणून ती थंड होते, आणि तिला चिकटलेली हवाही तिच्या स्पर्शानें थंड होते. सूर्योदयानंतरही कांहीं वेळ येणें देण्यापेक्षां कमी असतें. यामुळें सर्वांत कडक थंडी मध्यरात्रीं नसून सूर्य उगवण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वेळानें असते.

हें तत्त्व लंडन येथील डॉ. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यानें १८१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या दंवावरील निबंधांत साध्या साधनांनीं दाखवून दिलें. त्यानें सारख्या वजनाचे लोकरीचे झुबके घेऊन एक फळीच्या वर व एक फळीखालीं ठेविला, आणि सकाळीं दोन्ही तोलून पाहिले. उघड्या आकाशाखालच्या झुबक्यानें पुष्कळ अधिक दंव घेतलें होतें. दंव आकाशांतून पडतें हा समज तेव्हांपासून शास्त्रांत उरला नाहीं. गार झालेल्या पदार्थावर हवेंतील वाफ जमून त्याचें पाणी होतें, तेंच दंव. लोकरीऐवजीं कापूस घेऊन हा प्रयोग कोणासही अंगणांत करितां येईल.

जमीन तर मुंबईसही आहे. मग तेथें अशी थंडी कां नाहीं? तेथें समुद्र आहे. पाणी सावकाश तापतें व सावकाशच निवतें, म्हणून कांठची हवा तो सांभाळून धरितो. एकाच मुंबईंत कुलाबा व सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या जानेवारीच्या किमान तापमानांत सुमारें दोन अंशांचा फरक पडतो. समुद्रापासून थोडें आंत सरकल्यानें इतकें होतें, तर माथेरान-प्रबळच्या रांगेमागें दडलेल्या आपल्या खोऱ्याचें काय सांगावें! (सांताक्रूझ येथेंही २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण तो अपवाद.) त्यांत घाटावरून आलेल्या हवेंत बाष्प थोडें. बाष्प व ढग हीं जमिनीचीं पांघरुणें होत. तीं नसलीं म्हणजे जमिनीची उष्णता आडकाठीशिवाय निघून जाते.

आतां "उतरते" या शब्दांतील सत्याचा भाग. भीमाशंकर, ढाक, राजमाची यांचे उतार आणि पश्चिमेस माथेरानचे कडे रात्रीं निवतात, तेव्हां त्यांना लागून असलेली हवा गार व जड होते आणि पाण्यासारखी उतारानें खालीं घसरूं लागते. ही हवाही उतरतांना दबते खरी, पण गार जमिनीस घांसत येत असल्यानें मिळालेली ऊब वाटेंतच गमावते. ती ओढ्यांच्या वाटांनीं येते, बांधापाशीं व सखल खलाटींत सांचते, आणि वारा सुटेपर्यंत तेथेंच पडून राहते. म्हणून डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर रात्र सौम्य जाते, आणि तेथून हांकेच्या अंतरावरील खलाटींत अंगावर कांटा येतो. घाटाच्या पलीकडची थंडी आपल्याकडे येत नाहीं. अलीकडच्या उतारांची येते.

सर्वच रात्री सारख्या कां नसतात, हेंही येथेंच सांगतों. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून हवेचे विक्षोभ पूर्वेकडे येतात व हिमालयांत बर्फ पाडितात. तो विक्षोभ पुढें सरकला म्हणजे त्याच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा गुजराथेवरून आपल्यापर्यंत पोहोंचते. अशा वेळीं घरची थंडी व बाहेरची थंडी एकत्र होतात आणि तीन-चार दिवस हुडहुडी भरते. उलट, विक्षोभ येतांना आपल्याकडे आभाळ आलें तर रात्र एकदम उबदार होते. जानेवारींत रात्रीं उकडूं लागलें आणि सकाळीं ढग दिसले, कीं आंबेवाल्यानें मोहोर उलटून पाहावा. ढगाळ, दमट हवा तुडतुड्यांस मानवते.

आतां शेतीकडे वळूं. आपल्याकडे थंडीचा खरा फटका उन्हाळी भाताच्या रोपांस बसतो. टाटांच्या वीजघरांनीं (खोपोलीचें १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें) घाटमाथ्याचें पाणी खालीं सोडिलें, आणि भिवपुरीच्या पाण्यावर राजनाल्याच्या कांठीं दुबार भात उभें राहिलें. या पिकाचें रोप ऐन थंडींत टाकावें लागतें. भात हें उष्ण प्रदेशाचें धान्य. १५ अंशांच्या खालीं त्याची वाढ मंदावते, पातीं पिंवळीं पडतात, आणि १० अंशांजवळ रुजवणच थबकतें. खरिपांत २१ ते २५ दिवसांत लावणीस येणारें रोप हिंवाळ्यांत ३५ ते ४० दिवस घेतें, आणि लावणी लांबली कीं पुढचें सर्वच लांबतें.

यावर उपाय वरील विवेचनांतूनच निघतात. रोपवाटिका खलाटीच्या तळाशीं नसावी, पाणी पोहोंचेल तितक्या उंच खाचरांत असावी. खालच्या बाजूस उंच बांध अगर दाट कुंपण असेल तर गार हवेस वाट मोकळी ठेवावी, नाहींतर तेथें थंडीचें तळें होतें. सायंकाळीं वाफ्यांत पाणी भरावें व सकाळीं तें काढून टाकावें. तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारें पांचपट उष्णता पाणी सांठवितें, म्हणून तें रात्रभर हळूहळू ऊब देत राहतें. सकाळीं मात्र तेंच गार झालेलें पाणी ठेविल्यास उन्हाचा लाभ रोपांस उशीरां मिळतो. रात्रीं रोपांवर पेंढ्याचें किंवा प्लास्टिकच्या कागदाचें आच्छादन धरिलें तरी चालतें, कारण तें आकाश झांकतें. परंतु पेंढा रोपांच्या वर पाहिजे. भाजीच्या ओळींमध्यें जमिनीवर कोरडा पेंढा पसरला तर ओल टिकते हें खरें, पण जमिनीची ऊब त्याखालींच कोंडते आणि वरची पानें अधिक गार होतात. शेकोट्यांचा धूर करण्याची चालही कोठें कोठें आहे. धुराचे कण जमिनीच्या किरणांस फारसे अडवीत नाहींत. त्या खटपटींत लांकूडफाटा मात्र जातो.

वालाविषयीं थोडें. "वाल दंवावर पिकतो" असें आपण म्हणतों. एका रात्रींत पडणारें दंव मोजलें तर तें बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आंतच भरतें, आणि तें पानांवरूनच उडून जातें. वाल पिकतो तो भाताच्या जमिनींत उरलेल्या ओलीवर. दंवाचा उपयोग इतकाच कीं सकाळीं पान ओलें असेपर्यंत झाडाचें पाणी कमी खर्च होतें. म्हणून भात कापल्यावर पेरणीस केलेली दिरंगाई दंवानें भरून निघत नाहीं. शेंगा भरल्यावर भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यांत पोपटी लावण्याचा आनंद मात्र थंडीशिवाय नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

आंब्यास थंडी हवी असते, पण बेताची. गार रात्रींनीं पालवीऐवजीं मोहोर येण्यास मदत होते. तीच थंडी फार दिवस लांबली तर मोहोरांत नर-फुलांचें प्रमाण वाढतें, फळधारणा घटते, आणि कधीं पहिलीं फळें सुपारीएवढीं असतां पुन्हां मोहोर येऊन तीं गळतात. नवी बाग लावणारानें म्हणून उताराची जागा घ्यावी, नदीकांठचा खळगा टाळावा. तेथें सकाळीं धुकेंही अधिक रेंगाळतें आणि ओलसर मोहोरावर रोग बळावतो.

शेवटीं एक सूचना. वर्तमानपत्रांत येणारें तापमान जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवरील, जाळीदार पेटींतील उष्णमापकाचें असतें. निरभ्र रात्रीं रोपांच्या पातळीवर त्याहून दोन ते पांच अंश कमी असूं शकतात. कर्जत येथें १९१९ सालापासून भात संशोधन केंद्र आहे, त्याचा सल्ला अवश्य घ्यावा; पण आपल्या खाचराचें तापमान आपणच मोजावें. किमान तापमान दाखविणारीं दोन साधीं उष्णमापकें घ्यावीं. एक खलाटीच्या तळाशीं व एक वरच्या खाचरांत, दोन्ही रोपांच्या उंचीवर खुंटीस बांधावीं, आणि डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने रोज सकाळीं आंकडे वहींत टिपून दर्शक पुन्हां जागेवर आणावा. आभाळ होतें कीं नव्हतें, वारा होता कीं नव्हता, हेंही शेजारीं लिहावें. रोप टाकावयाची जागा पुढील वर्षीं त्या वहीवरून ठरवितां येते.