वाचणारे गेले, बघणारे आले

मुलं मोबाइलवर गेम खेळताना दिसली की आपण ओरडतो. पण या गेमची माहिती त्यांना मिळते कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मैत्रिणींनो, एकेकाळी ही माहिती चक्क वाचून मिळायची, बरं का!

१९९५ मध्ये अमेरिकेत 'गेमफॅक्स' ही वेबसाइट सुरू झाली. एखाद्या टप्प्यावर अडकलं तर पुढे कसं जायचं, हे खेळाडूच तिथे हौसेनं सविस्तर लिहून ठेवायचे. १९९६ मध्ये 'गेमस्पॉट' आणि 'आयजीएन' आल्या. नवा गेम कसा आहे, त्यावर पैसे घालावेत का, हे तिथलं परीक्षण वाचून लोक ठरवायचे.

मग २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि २०११ मध्ये ट्विच. ट्विचवर लोक दुसऱ्याचा खेळ थेट बघत बसतात. यात काय बघायचं, असं आपल्याला वाटेल. पण २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉननं हीच ट्विच सुमारे ९७ कोटी डॉलर मोजून विकत घेतली! आपलं तरी काय वेगळं आहे? पुरणपोळीची कृती दहादा वाचण्यापेक्षा कुणी लाटताना एकदा बघितली की पटकन कळते.

वाचकांची गर्दी अशी हळूहळू पांगली. वेबसाइटचं पोट भरतं जाहिरातींवर आणि जाहिराती येतात माणसं बघून. २०१३ मध्ये 'गेमस्पाय' बंद झाली, २०१५ मध्ये 'जॉयस्टिक'. १९९१ पासून निघणारं 'गेम इन्फॉर्मर' मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये वेबसाइटसकट बंद पडलं; २०२५ मध्ये नव्या मालकानं ते पुन्हा सुरू केलं. प्रत्येक वेळी कारण एकच नव्हतं, पण लिहिणाऱ्यांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. त्यात २०२४ पासून गूगल प्रश्नाचं तयार उत्तरच सगळ्यात वर दाखवू लागलं. लिहिलं एकानं, वाचायला मात्र त्याच्या दारी कुणी जायचं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच!

याचं आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्याकडची बरीचशी मुलं तर थेट स्वस्त डेटाच्या काळातच या जगात आली. वस्तीतल्या मुलांशी बोलते तेव्हा ती यूट्यूबवरच्या 'दादा'चं नाव सांगतात, परीक्षण वाचलंय असं एकही सांगत नाही. हा दादा मनापासून सांगतोय की कंपनीचे पैसे घेऊन, हे बारा वर्षांच्या पोराला कसं कळणार? लिहिलेलं परीक्षण आई पाच मिनिटांत चाळू शकते. तीन तासांचं थेट प्रक्षेपण कोण बघत बसणार?

म्हणून दोन गोष्टी जरूर करा. गेम डाउनलोड करण्याआधी प्ले स्टोअरवर वयाचा आकडा बघा. ३, ७, १२, १६, १८ असे आकडे तिथे दिलेले असतात. गेममध्ये पैसे भरावे लागतात का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि जेवताना मुलाला सहज विचारा, "हा गेम तुला कुणी सांगितला रे?" मुलं हल्ली कुणाचं ऐकतात, हे घरात आपल्याला ठाऊक असायलाच हवं.